आल्बियन म्यूजमधील कुंभारीण

लंडन शहराच्या पश्चिम भागांत हाइड पार्क नांवाचें जें विस्तीर्ण उपवन आहे, त्याच्या उत्तरेचा रस्ता ओलांडला म्हणजे श्रीमंतांच्या जुन्या, उंच घरांच्या ओळी लागतात. या घरांच्या पाठीमागें, पुढल्या दारानें येणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस सहसा न पडतील अशा, अरुंद फरसबंदी गल्ल्या आहेत. त्यांना तेथें 'म्यूज' म्हणतात. मोटारी नव्हत्या त्या काळीं खालीं घोडे व गाड्या आणि वर माळ्यावर कोचमानाचें बिऱ्हाड, अशी तेथली व्यवस्था असे. आपल्याकडील सरदारवाड्यांमागच्या पागा डोळ्यांपुढें आणल्या म्हणजे वाचकांस कल्पना येईल. पुढें घोडे गेले, पागांचीं घरें झालीं, आणि आतां तर सामान्य माणसानें तीं विकत घेण्याची गोष्टहि बोलूं नये इतकीं तीं महाग झालीं आहेत.

आल्बियन म्यूज ही अशांपैकींच एक गल्ली. तिच्यांतील १८ क्रमांकाच्या घरांत ल्यूसी री नांवाच्या बाई १९३९ पासून १९९५ सालीं मृत्यु येईपर्यंत राहिल्या. खालीं, जेथें एके काळीं घोडे बांधले जात तेथें, त्यांचें चाक आणि भट्टी. वर राहण्याच्या खोल्या. चाकावर स्वतःच्या हातानें भांडीं घडवून त्यांस चित्राची किंवा मूर्तीची योग्यता आणून देणारे जे थोडे कारागीर विसाव्या शतकांत इंग्लंडांत झाले, त्यांत या बाईंचें नांव अगदीं पहिल्या ओळींत घेतलें जातें. मात्र त्या इंग्लिश नव्हत्या. व्हिएन्ना शहरांत त्या जन्मल्या, शिकल्या, नांवारूपास आल्या; आणि वयाच्या ३६ व्या वर्षीं तें सर्व मागें टाकून, जेथें आपलें नांव कोणाच्या कानांवरहि गेलेलें नाहीं अशा देशांत येऊन त्यांना पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला.

परक्या देशांत जाऊन पोट भरणें पुष्कळांस साधलें आहे. तेथल्या जाणत्या मंडळींनीं 'तुमची रीत आमच्या उपयोगाची नाहीं' असें सांगितल्यावर आपला हात न बदलतां राहणें ही गोष्ट निराळी. बाईंची त्या बाबतींत कांहीं वर्षें मोठी ओढाताण झाली. तीच हकीकत आम्हांस विशेष वाटली, म्हणून हा लेख.

आम्ही प्रथम गल्लीच पाहावयास गेलों. तेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. दारें बंद, घरांतून लोक राहत आहेत, लोकांच्या दारासमोर उगीच घुटमळणें शोभत नाहीं, म्हणून शेवटापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलों. शिवाय बाईंची काम करण्याची खोली आतां त्या गल्लींत नाहींच. ती तेथून उचलून, हाइड पार्कच्या पलीकडे, व्हिक्टोरिया ॲन्ड आल्बर्ट म्यूझियमच्या सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन मांडली आहे. आणि वरच्या खोल्यांतील सामान तर इंग्लंडांतहि नाहीं. तें व्हिएन्नास परत गेलें. एका बाईचा संसार असा दोन राजधान्यांच्या दोन संग्रहालयांत वांटला गेला आहे. तो कसा, हें सांगावयाचें म्हणजे व्हिएन्नापासूनच आरंभ केला पाहिजे.

ल्यूसीबाईंचा जन्म १६ मार्च १९०२ रोजीं झाला. माहेरचें आडनांव गॉम्पर्ट्स. वडील कान, नाक व घसा यांच्या रोगांवरील डॉक्टर. घर सुखवस्तु, विद्याव्यासंगी व ज्यू समाजांतलें. आईचें माहेर आयझेनश्टाट गांवीं. तेथें मामांना प्राचीन वस्तु जमविण्याचा नाद होता, आणि जमिनींतून निघालेलीं रोमन काळचीं भांडीं मुलीला लहानपणीं या मामांच्या घरीं पाहावयास मिळत. पहिल्या महायुद्धांत एक भाऊ मारला गेला. १९२२ सालीं ल्यूसी व्हिएन्नाच्या कलाकौशल्यविद्यालयांत दाखल झाली, तेथें तिनें कुंभाराचें चाक पाहिलें, आणि पुढचें आयुष्य त्या चाकापाशींच गेलें.

डॉक्टराच्या मुलीनें कुंभारकाम शिकावें, ही गोष्ट त्या वर्षीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत थट्टेनें देखील कोणी काढली नसती. आपल्याकडे माती ही कुंभाराच्या जातीची. बाकीच्यांनीं त्याच्याकडून संक्रांतीचीं सुगडें व उन्हाळ्याचा माठ तेवढा घ्यावयाचा. व्हिएन्नास मात्र त्या काळीं योसेफ होफमान प्रभृति मंडळींनीं असें वातावरण निर्माण केलें होतें कीं, चमचा, खुर्ची, पेला या वस्तूंसहि देवळाइतकाच विचार लागतो, आणि तो विचार करणें हें शिकल्यासवरल्या माणसास कमीपणा आणणारें नाहीं. ल्यूसीचे गुरु मिखाएल पोवोल्नी. १९२६ सालीं शिक्षण पुरें झालें व त्याच वर्षीं हान्स री या गृहस्थांशीं विवाह झाला.

नव्या जोडप्यानें आपल्या बिऱ्हाडाच्या खोल्या सजविण्याचें काम एर्न्स्ट प्लिश्के या तरुण शिल्पज्ञाकडे दिलें. वोल्ट्सायले नांवाच्या रस्त्यावरील त्या घरासाठीं १९२८ च्या सुमारास प्लिश्केनें अक्रोडाच्या लांकडाचीं साधीं, सरळ रेषांचीं कपाटें, फडताळें आणि बैठकी केल्या. नक्षी नाहीं, मुलामा नाहीं. बाईंचें भांडें आणि हें कपाट हीं दोन्ही एकाच मनाचीं अपत्यें आहेत, असें तीं जवळजवळ पाहतांना वाटतें: भिंती पातळ, आकार स्वच्छ, भार कोठेंहि नाहीं. या भांड्यांस मानहि मिळूं लागला होता. १९३७ च्या पॅरिस येथील सार्वराष्ट्रीय प्रदर्शनांत (ज्यासाठीं पिकासोनें आपलें 'गेर्निका' हें चित्र काढलें तेंच हें प्रदर्शन) बाईंना रौप्यपदक मिळालें.

पुढच्याच वर्षीं, मार्च १९३८ मध्यें, हिटलरचें सैन्य व्हिएन्नांत शिरलें. ज्यू माणसांस रस्त्यांत गुडघ्यांवर बसवून फरशा घासावयास लावणारे लोक कोणी परदेशचे नव्हते. पुष्कळसे त्याच शहरांतले, कालपर्यंत शेजारचे म्हणविणारे होते. पदकास किंवा पदवीस कोण विचारतो! त्याच वर्षीं री पति-पत्नींनीं देश सोडला. लंडनास आल्यावर हान्स री पुढें अमेरिकेस निघून गेले. बाई लंडनांतच राहिल्या. १९४० सालीं विवाह कायद्यानेंहि संपला. त्यासंबंधीं बाईंनीं फारसें कधीं बोलून दाखविलें नाहीं, आणि आम्हीहि अधिक लिहीत नाहीं.

आतां एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. नेसत्या वस्त्रानिशीं सुटणें ही ज्या काळीं मोठी गोष्ट, त्या काळीं या बाईंनीं आपलीं अक्रोडाचीं कपाटें लंडनास आणविलीं. आल्बियन म्यूजमधली ती पागा भाड्यानें मिळाल्यावर तीं कपाटें तेथें बसेनात. तेव्हां एर्न्स्ट फ्रॉइड या शिल्पज्ञानें तीं कापून-जुळवून त्या जागेंत नीट बसवून दिलीं. हे फ्रॉइड म्हणजे मानसशास्त्रज्ञ सिग्मुंड फ्रॉइड यांचे चिरंजीव, आणि तेहि परागंदा होऊन आलेले. ज्यानें तीं कपाटें मुळांत केलीं तो प्लिश्के १९३९ सालीं पत्नीसह न्यूझीलंडला गेला होता. पत्नी ज्यू असल्यामुळें त्यालाहि देश सोडणें प्राप्त झालें. घर वसविणारा, घर राखणारी आणि घर पुन्हां जुळविणारा असे तिघेहि निर्वासित! कोणी म्हणेल, जीव वांचला असतां कपाटांचा हव्यास कशाला? आमच्या मतें, घरांतल्या वडील स्त्रीला विचारून पाहावें. फाळणीच्या दंगलींत गांव सोडतांना देवांची पेटी किंवा जातें बरोबर घेतलेल्या बाया आपल्याच देशांत थोड्या नव्हत्या.

कपाटें आलीं, पण पोटाचें काय? व्हिएन्नाचें नांव लंडनांत कोणास ठाऊक नव्हतें. फ्रिट्स लाम्प्ल नांवाचे दुसरे एक व्हिएन्नाकर निर्वासित कांचेचीं बटणें करीत असत; त्यांच्याकडे बाईंनीं काम धरलें. युद्ध ऐन भरांत आलें तेव्हां दुर्बिणी-भिंगांच्या कारखान्यांतहि काम केलें. आणि मग आपल्याच घरीं मातीचीं बटणें करावयास आरंभ केला.

बटण म्हटलें म्हणजे हंसूं येतें; परंतु हीं बटणें हा या चरित्रांतला क्षुल्लक भाग नव्हे. १९४१ च्या जूनपासून इंग्लंडांत कपड्यांवर शिधापत्रिका आली. मनास येईल तसा नवा झगा घेण्याची सोय राहिली नाहीं. अशा वेळीं आहे त्याच कोटाला नवीं बटणें लावलीं तरी कोट निराळा दिसे! मोठमोठे शिंपीघरवाले कापडाचा तुकडा पाठवीत आणि त्या तुकड्याच्या रंगाशीं जुळणारीं बटणें मागत. बाई प्लॅस्टरच्या सांच्यांत माती दाबून बटणें काढीत, त्यांवर झिलई चढवीत आणि भट्टींत भाजीत. कधीं शेवाळी हिरवा, कधीं पिकल्या जांभळाचा, कधीं जुन्या सोन्याचा असे किती तरी रंग त्यांना चूर्णें तोलून, मिसळून, भाजून, फसून पुन्हां भाजून साधावे लागले. युद्ध संपतांना त्यांच्याकडे बटणांच्या कामावर बरेच मदतनीस होते, आणि तेहि बहुतेक निर्वासितच. पुढें ज्या झिलयांसाठीं बाईंचें नांव झालें त्यांचा खरा अभ्यास या बटणांवर झाला. पाठशाळेंत शिकून जें आलें नसतें तें शिंप्याच्या निकडीनें आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण भांडीं? त्या बाबतींत निराळाच प्रसंग उभा होता.

इंग्लंडांत त्या काळीं मातीच्या भांड्यांचें न्यायासन बर्नार्ड लीच यांच्याकडे होतें. या लीचसाहेबांचा जन्म १८८७ सालचा, हाँगकाँगमधला. तरुणपणीं ते जपानांत राहून कुंभारकाम शिकले, आणि १९२० सालीं शोजी हामादा या जपानी मित्रासह इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास सेंट आइव्ह्ज गांवीं त्यांनीं आपली भट्टी घातली. १९४० सालीं निघालेलें त्यांचें कुंभारकामावरील पुस्तक त्या धंद्यांत जवळजवळ स्मृतिग्रंथासारखें मानलें जाई. त्यांच्या मतें भांडें कसें असावें? जाड बुडाचें, मातकट रंगाचें, शेतकऱ्याच्या घरीं शोभेल असें. घडविणाऱ्याच्या हाताची ऊब त्यांत राहिली पाहिजे. बाईंचीं भांडीं नेमकीं याच्या उलट: पातळ, सडपातळ, शहरी. लीचसाहेबांनीं तीं पाहून स्पष्ट नापसंती दर्शविली.

आपल्याकडे गोरोबा कुंभारांची कथा घरोघर ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असतां गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें. ल्यूसीबाईंवर हाच प्रसंग आला. फरक इतकाच कीं, नामदेव आपल्याच मंडळींत बसलेले होते, आणि येथें कच्ची ठरलेली बाई परक्या देशांत, परक्या भाषेंत, एकटी होती. तिनें काय करावें? तिनें थापटण्याचा निर्णय मानला. व्हिएन्नाची रीत चुकीची असली पाहिजे असें समजून त्या कांहीं काळ जाड, जड, लीच पद्धतीचीं भांडीं करूं लागल्या. ज्या हातानें पॅरिसचें पदक मिळविलें तो हात स्वतःवरच अविश्वास धरूं लागला. निर्वासिताच्या वांट्यास येणाऱ्या दुःखांत हें दुःख आम्हांस फार खोल वाटतें. घर गेलें हें जगास दिसतें. हात गेला तर तो कोणास दिसत नाहीं.

येथें आमचाहि थोडा पक्षपात सांगून टाकतों. तांब्या-पितळेच्या वजनदार भांड्यांत आपण वाढलों. लग्नांत आलेल्या भांड्याची किंमत हातावर तोलून करणारीं आपलीं माणसें. 'वजनदार' हा शब्दच आपल्या भाषेंत मान देण्यासाठीं वापरतात. त्यामुळें लीचसाहेबांचें म्हणणें आम्हांस ऐकतांक्षणीं पटण्यासारखें होतें. संग्रहालयांत दोघांचीं भांडीं पाहिल्यावर मात्र मत बदललें. लीचसाहेबांची नजर त्यांच्या स्वतःच्या भांड्यांपुरती खरी होती. तीच फूटपट्टी दुसऱ्याच्या कामास लावणें म्हणजे जाईच्या वेलास फणसाएवढें फळ कां येत नाहीं म्हणून विचारण्यासारखें आहे.

बाईंना या गोंधळांतून सोडविणारा माणूस १९४६ सालीं दारांत येऊन उभा राहिला. त्याचेंहि नांव हान्स: हान्स कोपर. जन्म १९२०, जर्मनींतील केम्निट्स गांवचा. १९३९ सालीं तो जीव वांचवून इंग्लंडांत आला. पण युद्ध पेटल्यावर जर्मन प्रजाजन म्हणून इंग्रज सरकारनें त्यालाच शत्रु समजून अटकेंत टाकलें व थेट कॅनडास धाडलें. परत येऊन तो इंग्रजांच्याच लष्कराच्या श्रमिक पलटणींत राबला. आतां कामाच्या शोधांत होता. मातीस त्याचा हात कधीं लागलेला नव्हता; बटणें दाबण्यासाठीं म्हणून बाईंनीं त्यास ठेवून घेतलें. थोड्याच दिवसांत तो चाकावर बसला, आणि त्या मुलाच्या अंगीं आपल्याहूनहि मोठी प्रतिभा आहे असें बाईंनीं ओळखलें. आपण कुंभार खऱ्या, पण कलावंत तो, असें त्या पुढें जन्मभर सांगत आल्या. या नवशिक्यानेंच त्यांना बजावलें कीं, लीचचें सोडा, तुमचें जें आहे तेंच करा.

वयानें १८ वर्षांनीं लहान, कालचा नोकर, आणि धंद्याच्या आचार्याविरुद्ध सल्ला देतो! बाईंनीं तो ऐकला.

पुढें कांहीं वर्षें दोघांनीं मिळून चहा-कॉफीचे पेले, सुरया, सॅलडचे वाडगे अशीं घरगुती भांडीं केलीं. आंत शुभ्र, बाहेर गडद तपकिरी. कित्येकांच्या बुडाशीं दोघांच्याहि मुद्रा उमटलेल्या आहेत. १९५८ पर्यंत कोपर त्या पागेंत काम करीत होता. नंतर त्यानें आपली वेगळी चूल मांडली. १९८१ सालीं तो वारला. वांटणी झाली पण स्नेह आटला नाहीं, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस मुद्दाम सांगावेसें वाटतें.

लीचसाहेबांसंबंधीं लिहितांना एका बाजूचें लिहून थांबणें अन्यायाचें होईल. ते आणि बाई शेवटपर्यंत मित्र राहिले, आणि पुढें त्यांचें मतहि पालटलें. त्यांच्या स्नेहाची साक्ष म्हणून एक मोठा घट आहे. कोरियांत जुन्या चोसोन राजवटीच्या काळीं पांढऱ्या चिनी मातीचे मोठे गोल घट करीत. त्यांना चंद्रघट म्हणतात. एवढा मोठा गोल चाकावर एकदम उचलतां येत नाहीं, म्हणून दोन अर्धगोल वाडगे करून ते तोंडाशीं तोंड लावून सांधीत; त्यामुळें पोटाशीं सांध्याची अस्पष्ट रेघ राहते आणि घट पुरता वाटोळा होत नाहीं. असा एक घट लीचसाहेबांनीं १९३५ सालीं सेऊलमध्यें विकत घेतला होता. युद्धाच्या दिवसांत तो सांभाळण्यासाठीं बाईंकडे आला. पुढें त्यांच्या खोलींत तो ठेवलेला लीचसाहेबांनीं पाहिला, आणि हा आतां येथेंच राहूं द्या, असें सांगितलें. बाई गेल्या तोंवर तो आल्बियन म्यूजमध्येंच होता. १९९९ पासून तो ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे, आणि आम्ही तेथें जाऊन त्याचेंहि दर्शन घेतलें. सेऊलहून निघालेला तोहि परागंदाच.

आतां त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीकडे वळूं. व्हिक्टोरिया ॲन्ड आल्बर्ट म्यूझियममध्यें शिरण्यास पैसे पडत नाहींत. जगांतील नाना देशांचीं मातीचीं भांडीं तेथें उंच उंच कांचेच्या कपाटांतून हजारोंनीं मांडलेलीं आहेत. (मुंबईच्या कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं एकोणिसाव्या शतकांत झालेलीं भांडीं देखील या संग्रहांत आहेत, मुंबईकरांस तशीं भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत पाहतां येतील.) या समुद्रांतून वाट काढीत गेल्यावर बाईंच्या कामाचा कोपरा लागतो. चाक, हत्यारें, फळ्या. इतक्या थोडक्या जागेंत आणि इतक्या साध्या साहित्यानें एवढें काम झालें यावर चटकन विश्वास बसत नाहीं. बाई स्वतः अंगानें लहानखुऱ्या होत्या व काम करतांना पांढरे कपडे घालीत. पाहुणा आला तर हात धुऊन त्याला कॉफी व घरीं केलेला केक दिल्यावांचून जाऊं देत नसत.

त्यांच्या पद्धतींतील एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सामान्यतः झिलईचें भांडें दोनदां भाजतात: पहिल्यानें नुसती माती भाजून पक्की करावयाची, मग झिलईंत बुडवून पुन्हां भाजावयाचें. बाई असें करीत नसत. वाळलेल्या पण कच्च्या भांड्यास चाकावर मध्यभागीं ठेवून, चाक सावकाश फिरवीत, रुंद ब्रशानें त्या झिलई लावीत, आणि मग एकदांच, सुमारें १२५० अंश शतमान उष्णतेस, विजेच्या भट्टींत भाजीत. कच्च्या भांड्यास पाणी फार लागलें तर तें हातांतच विरघळावयाचें. धक्का लागला तर कांठ तुटावयाचा. पण साधलें तर माती आणि झिलई एकाच आंचेंत एकमेकींत मुरतात, वरून थापल्यासारखें दिसत नाहीं. कांहीं भांड्यांच्या झिलईंत त्या असें द्रव्य घालीत कीं तापतांना ती झिलई कढासारखी उकळावी, फुटावी आणि ज्वालामुखीच्या दगडासारखी खडबडीत, भोंकाभोंकांची होऊन गोठावी. लीचपंथी भट्ट्यांत लांकूड, धूर, ज्वाळा यांचें केवढें माहात्म्य. बाईंचें सारें काम शहराच्या मध्यभागीं विजेवर चाललें. त्याबद्दल त्यांना कधीं उणें वाटलें नाहीं.

रेघांची गोष्ट अशीच. विल्टशरमधील एव्हबरी येथें प्राचीन दगडी वर्तुळाजवळ लहानसें संग्रहालय आहे. कोपरसह तेथें गेल्या असतां हजारों वर्षांपूर्वींच्या भांड्यांवर पक्ष्याच्या हाडानें कोरलेल्या रेघा बाईंनीं पाहिल्या. घरीं येऊन त्यांनीं सुई घेतली, आणि मँगॅनीजच्या गडद लेपावर अगदीं बारीक, जवळजवळ रेघा ओढल्या; लेप खरवडून खालचा पांढरा रंग उघडा पडला. या रेघा पट्टीनें ओढल्यासारख्या एकसारख्या नाहींत. कोठें हात थोडा थांबला आहे, कोठें दोन रेघा जवळ आल्या आहेत. लहान बुडावर उभा राहून वर फुलासारखा उमललेला तो पातळ वाडगा कांचेआड पाहतांना आम्हांस आपल्या घरची, कापडाचा दादरा बांधलेली लोणच्याची बरणी आठवली. आणि दोहोंचें गोत्र एक आहे हें मनास पटवावें लागलें.

मान पुढें यथाकाल मिळाले. त्यांची यादी देत बसत नाहीं. १९६० पासून दहाएक वर्षें त्यांनीं कॅम्बरवेलच्या कलाशाळेंत शिकविलें, १९६७ मध्यें आर्ट्स कौन्सिलनें त्यांच्या समग्र कामाचें प्रदर्शन भरविलें, आणि १९९१ मध्यें त्यांस 'डेम' हा किताब मिळाला. यापेक्षां १९८२ सालीं डेव्हिड ॲटनबरो यांनीं बी. बी. सी. साठीं केलेला चित्रपट आम्हांस अधिक बोलका वाटला. ८० वर्षांच्या बाई खोल भट्टीच्या तोंडावरून तळाचें भांडें काढण्यासाठीं इतक्या आंत वांकतात कीं त्यांना मागून धरून ठेवावें लागतें. भांडें हातांत आल्यावर त्या तें फिरवून पाहतात. इतकीं वर्षें भट्टी उघडूनहि चेहऱ्यावर धाकधूक तीच.

बटणांचा शेवटहि चमत्कारिक झाला. इस्सेइ मियाके या जपानी वेषकारास त्यांच्या कामाचें वेड लागलें. १९८९ सालीं त्यानें जपानांत त्यांचें प्रदर्शन भरविलें, आणि युद्धाच्या दिवसांतलीं तीं बटणें स्वतःच्या नव्या पोशाखांवर लाविलीं. बाईंनीं उरलेलीं बटणें मृत्युपत्रानें त्यालाच दिलीं. १९९० सालीं त्यांना अर्धांगाचा झटका आला; चाक थांबलें. १ एप्रिल १९९५ रोजीं त्या वारल्या.

घर मोडण्याची वेळ आली तेव्हां अक्रोडाचीं कपाटें पुन्हां निघालीं. व्हिएन्नांत बादशाही फर्निचरचें एक मोठें संग्रहालय आहे. महाराणी मारिया थेरेसा हिनें १७४७ सालीं राजवाड्यांतील सामानाची कोठी म्हणून तें सुरू केलें. प्लिश्केनें री जोडप्यासाठीं केलेल्या खोलीचें सामान आतां तेथें मांडलेलें आहे. प्लिश्के १९६३ सालीं आपल्या शहरीं परत आला होता. ल्यूसीबाई राहावयास म्हणून कधींच परतल्या नाहींत; त्यांचीं कपाटें तेवढीं आलीं, तींहि बादशहाच्या खुर्च्यांच्या शेजारीं. आम्ही गेलों त्या दिवशीं शाळेच्या मुलांची एक रांग सोनेरी खुर्च्यांपुढें गलका करीत होती. या खोलीपुढें एक वृद्ध बाई तेवढ्या उभ्या होत्या. फडताळाचें दार कोणीकडे उघडत असेल, तें आपल्या सोबतिणीस हातानें दाखवीत होत्या.